वालचंद, विमाने आणि एकमेव गिऱ्हाईक

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतून आगगाडी आजही जात नाही. त्यामुळे तेथील जुन्या पिढीला ‘इंजिन’ म्हटले की विहिरीच्या काठावर दगडी चौथऱ्यावर बसविलेले, तेलावर चालणारे यंत्रच आठवते. वीज गावोगाव पोहोचण्यापूर्वी आणि येडगाव, माणिकडोह, डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणे बांधली जाण्यापूर्वी मोटेच्या बैलांना विश्रांती दिली ती या यंत्राने. किर्लोस्करांचे नाव त्या संदर्भात सर्वतोमुखी आहेच. परंतु डिझेल इंजिने या देशात बनविण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांत सातारा रोडच्या कूपर कारखान्याचाही वाटा मोठा होता. ज्यांच्या नावाने तो ओळखला जाई ते सर धनजीशा कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. पुढे १९४० च्या सुमारास हा कारखाना ज्या उद्योगसमूहात आला, त्याचे धुरीण होते वालचंद हिराचंद. आणि नेमक्या त्याच वर्षाच्या अखेरीस या गृहस्थांनी बंगळूर येथे विमानांचा कारखाना काढला.

विहिरीवरचे इंजिन देशी झाले, ते खेडोपाडी पोहोचले, आणि त्याचा सुटा भाग तालुक्याच्या बाजारात मिळू लागला. विमानाचे इंजिन मात्र देशी झाले नाही. या दोन यंत्रांच्या नशिबात एवढे अंतर का पडावे, याचे उत्तर केवळ धातुशास्त्रात किंवा अभियांत्रिकीत शोधून भागणार नाही. त्याचा मोठा भाग अर्थशास्त्रात आहे, आणि तो वालचंदांच्या चरित्रात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल. विहिरीवरच्या इंजिनाची गिऱ्हाइके हजारो होती. विमानाला गिऱ्हाईक एकच होते, आणि ते म्हणजे सरकार.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे दिगंबर जैन, मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. परंतु सोलापुरात स्थिरावून पुरते सोलापूरकर झालेले. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा घरचा धंदा. आई जन्मानंतर थोड्याच दिवसांत वारली. १८९९ मध्ये मॅट्रिक झाल्यावर वालचंदांनी कॉलेजची पायरी चढली खरी, पण पदवी पदरात पडली नाही. पेढीवर बसून व्याजाचे आकडे मांडण्यात त्यांचे मन रमेना. त्या काळच्या श्रीमंत घरातील मुलाने ज्या धंद्याकडे ढुंकूनही पाहिले नसते, तो कंत्राटदारीचा धंदा त्यांनी पत्करला.

येथे लक्ष्मणराव बळवंत फाटक यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. रेल्वेत कारकुनी केलेला हा ब्राह्मण गृहस्थ. हाती भांडवल नाही, पण निविदा कशी भरावी, मोजमाप कसे घ्यावे, साहेबाच्या कचेरीतील कोणता कागद कोठे अडतो याची खडान्‌खडा माहिती. वालचंदांजवळ पैसा आणि धडाडी होती. १९०३ च्या सुमारास दोघांची भागीदारी झाली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद मार्गाचा बार्शी ते येडशी हा तुकडा त्यांनी बांधून दिला. कारकुनाच्या ज्ञानाला भांडवल मिळाले म्हणजे काय होऊ शकते, याचे हे उदाहरण महाराष्ट्रातील शिक्षित मध्यमवर्गाने अधिक वेळा आठवायला हवे होते. फाटक-वालचंद या नावाने सुरू झालेला हा व्यवहार पहिल्या महायुद्धातील लष्करी बांधकामांवर पोसला, युद्धानंतर टाटांच्या सहभागाने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी झाला, आणि १९३५ मध्ये प्रीमिअर कन्स्ट्रक्शन. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटातले बोगदे, मुंबईला पाणी पुरविणारी तानसाची नळवाहिनी, सिंधू नदीवरचा पूल ही त्या कामांपैकी काही. १९२६ मध्ये निघालेली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन ही आणखी एक कंपनी. तिने पुढे कोयनेचे धरण बांधले.

या पंधरा-वीस वर्षांत वालचंदांच्या बुद्धीला एक वळण लागले. कंत्राटदाराचे गिऱ्हाईक म्हणजे रेल्वे, लष्कर, नगरपालिका. तेथे दुकान मांडून बसायचे नसते; मोठ्या कामाची वर्दी मिळवायची, ती मिळेपर्यंत दारे ठोठवायची, आणि मिळाल्यावर माणसे व यंत्रे उभी करायची. सरकारचा तिरस्कार करून हा धंदा होत नाही आणि सरकारचा दास होऊनही होत नाही. वालचंदांनी आयुष्यभर सरकारशी भांडण केले ते असे, की भांडता भांडता वर्दी मात्र हातची जाऊ नये. त्यांच्या राष्ट्रभक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ती हिशेबाच्या वहीसह चालणारी राष्ट्रभक्ती होती हे सांगितले नाही, तर त्यांचे चित्र अपुरे राहील.

१९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांच्या मालकीची एक जुनी बोट विकाऊ असल्याचे त्यांना कळले. युद्धात ती रुग्णनौका म्हणून वापरली गेली होती. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्या साहाय्याने ती विकत घेऊन सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून विलायतेला निघाली. तो दिवस आता देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. बोटीने मात्र धनी फारसा श्रीमंत केला नाही, आणि १९२३ मध्ये ती भंगारात गेली. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपनीने भाड्याचे दर असे पाडले की नव्या कंपनीचा जीव मेटाकुटीस आला. पूर्वीच्या अनेक स्वदेशी जहाज कंपन्या याच उपायाने बुडाल्या होत्या. सिंदिया बुडाली नाही. तिने १९२३ मध्ये तह केला, आणि पुढील दहा वर्षे केवळ किनारी मालवाहतुकीवर संतोष मानण्याचे कबूल केले. हा करार अपमानकारक होता असे अनेकांना वाटले. तो जिवंत राहण्याची किंमत होती, हे आज मान्य व्हावे. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी असे विधेयक सारभाई नेमचंद हाजी यांनी १९२८ मध्ये केंद्रीय विधिमंडळात आणले. ते पार पडले नाही. कायदा परक्याच्या हाती असेल तर बाजारातील स्पर्धा म्हणजे काय असते, याचा धडा वालचंदांना समुद्राने दिला.

साखरेचा अध्याय थोडक्यात आटोपला तरी चालेल, कारण पुणे जिल्ह्याला तो परिचित आहे. १९३२ मध्ये साखरेला संरक्षण मिळाले आणि त्या भिंतीच्या आडोशाने मालेगावजवळ रावळगाव व इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंदनगर ही उसाच्या मळ्यांची आणि कारखान्यांची वसाहत उभी राहिली. तेथील यंत्रशाळेत पुढे साखर कारखान्यांची यंत्रसामग्रीच तयार होऊ लागली. हजारो एकर जमीन एका कंपनीच्या ताब्यात असण्याविषयी भोवतालच्या शेतकऱ्यांत नाराजी होती, आणि १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर खाजगी साखर कारखान्यांच्या अशा जमिनी राज्याच्या शेती महामंडळाकडे गेल्या. तोवर १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू होऊन साखरेची वाटच बदलली होती. जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावचा भीमाशंकर हे कारखाने त्या दुसऱ्या वाटेवरचे. ऊस पिकविणाराच कारखान्याचा धनी, हे सूत्र वालचंदांच्या कल्पनेत बसणारे नव्हते.

महाराष्ट्रातील व्यापारी-उद्योजकांना एक व्यासपीठ हवे म्हणून १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना त्यांच्याच पुढाकाराने झाली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी निवर्तल्यावर सिंदियाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पन्नाशी ओलांडल्यावर बहुतेक धनिक मिळविलेले सांभाळतात. वालचंदांनी त्या वयात एकदम तीन उद्योगांचा ध्यास घेतला: मोटार, जहाज आणि विमान. तिन्हींत एक गोष्ट समान होती. या तिन्ही वस्तू हा देश तोवर विकत घेई, बनवीत नसे.

मोटारीच्या कारखान्यासाठी सर विश्वेश्वरय्यांनी योजना आखून दिली होती, मुंबईचे काँग्रेस मंत्रिमंडळ अनुकूल होते, आणि अमेरिकेतील कंपन्यांशी वाटाघाटी चालल्या होत्या. १९३९ मध्ये महायुद्ध पेटले आणि युद्धकाळात अशा कारखान्याचा उपयोग नाही, असा सरकारी निर्णय झाला. ज्या युद्धात मोटारगाड्यांवाचून सैन्य हलत नव्हते, त्या युद्धात हा निर्णय व्हावा, याचे रहस्य ब्रिटिश मोटार कारखान्यांच्या युद्धोत्तर बाजारपेठेत होते, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे.

याच खटपटीतल्या अमेरिकेच्या प्रवासात पॅसिफिक महासागरावरील विमानात वालचंदांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकनाशी पडली. पॉली हे चीनला विमाने पुरवीत. युन्नान प्रांतात ब्रह्मदेशाच्या सीमेलगत लोइविंग येथे त्यांचा जुळणीचा कारखाना होता. जपानी बॉम्बच्या टप्प्यात असलेला कारखाना चालविणारा माणूस आणि बॉम्बपासून दूर असलेल्या देशात कारखाना काढू पाहणारा माणूस, यांचे जमले नसते तरच नवल. १९४० च्या ऑक्टोबरात जपान्यांनी लोइविंगवर बॉम्ब टाकले आणि तेथील उरलेल्या सामग्रीची वाट बंगळूरकडे वळली.

प्रस्ताव प्रथम दिल्लीने आणि लंडनने गारठवून ठेवला. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला, इंग्लंडला स्वतःच्याच संरक्षणाची विवंचना पडली, आणि जे वर्षभर अशक्य होते ते काही आठवड्यांत शक्य झाले. जागेसाठी म्हैसूर संस्थानाचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी तत्परता दाखविली. बंगळूरला सातशे एकर जमीन मिळाली, शिवसमुद्रमची वीज होती, भारतीय विज्ञान संस्था होती, हवा समशीतोष्ण होती आणि समुद्रकिनारा दूर होता. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्ट लिमिटेड या कंपनीची नोंदणी झाली. अधिकृत भांडवल ४ कोटी रुपये. प्रत्यक्षात वालचंद आणि त्यांचे सहकारी यांचे २५ लाख आणि म्हैसूर सरकारचे २५ लाख. १९४१ मध्ये भारत सरकार तेवढ्याच रकमेने तिसरा भागीदार झाले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या ठिकाणी क्षणभर थांबावे. हाच सरकार नावाचा भागीदार कंपनीचे एकमेव गिऱ्हाईक होता. यंत्रे आणि सुटे भाग अमेरिकेतून आणण्याचा परवाना त्याच्याच हाती होता. डॉलर त्याच्याकडे होते, जहाजातील जागाही तोच देणार. पुस्तकात ज्याला ग्राहकाची मक्तेदारी म्हणतात, तिचे याहून निखळ उदाहरण सापडणे कठीण. माल विकत घेणारा, कच्चा माल येऊ देणारा आणि भागीदार हे तिघे एकच असतील, तर मालक कोण हा प्रश्न केवळ वेळेचा राहतो. वालचंदांसारख्या मुरलेल्या कंत्राटदाराला हे कळले नसेल असे संभवत नाही. सैन्याला विमाने हवीत तोवर आपण हवे आहोत, आणि युद्ध संपेतो आपले कारागीर तयार झालेले असतील, एवढाच त्यांचा जुगार असावा.

काम विलक्षण वेगाने झाले. ऑगस्ट १९४१ मध्ये, नोंदणीला पुरते नऊ महिने होण्याच्या आत, अमेरिकेहून आलेल्या भागांतून जुळविलेले हार्लो जातीचे पहिले शिकाऊ विमान बंगळूरच्या आकाशात उडाले. जुलै १९४२ मध्ये कर्टिस हॉक हे लढाऊ विमान उडाले. व्हल्टी बॉम्बफेकी विमानाचेही काम चालू होते. दरम्यान आणखी एक घटना घडली, तिच्याकडे इतिहासाने फारसे लक्ष दिलेले नाही. कोल्हापूरकडच्या हसूरचंपूचे विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीत गटिंगेन येथे प्राध्यापक प्रांट्‌ल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्रात डॉक्टरेट मिळविली होती. या तरुणाने कंपनीत दहा माणसे बसतील असे ग्लायडर आखले आणि १९४१ मध्येच ते तयार झाले. या कारखान्यात आखलेले आणि बांधलेले पहिले आकाशयान ते हे. त्याला इंजिन नव्हते.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरले. फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून. एप्रिल १९४२ च्या पहिल्या आठवड्यात विशाखापट्टणम आणि काकिनाडा यांवर बॉम्ब पडले. त्याच एप्रिलच्या आरंभी भारत सरकारने विमान कारखान्याचा कारभार आपल्याकडे घेतला. वालचंद आणि त्यांचे सहकारी यांना मोबदला देऊन बाजूला करण्यात आले; म्हैसूर सरकारने आपले भाग राखले, पण युद्धकाळापुरता कारभारातील हात सोडला. सोळा महिन्यांत वालचंदांचे पर्व संपले.

सरकारची बाजूही मांडली पाहिजे. शत्रू दाराशी असताना लढाऊ विमानांचा एकमेव कारखाना खाजगी नफ्याच्या हवाली ठेवणे कोणत्याही राज्यकर्त्याला अवघडच वाटले असते. वालचंदांना मिळालेली किंमत अन्यायाची होती असेही म्हणता येत नाही. नुकसान झाले ते निराळे. सरकारला त्या घडीला नवी विमाने बनविण्यापेक्षा मोडलेली दुरुस्त करणे अधिक निकडीचे वाटले. उत्पादनाची योजना बाजूला पडली. १९४३ पासून कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या देखरेखीखाली गेला आणि तेथे कॅटालिना, डकोटा वगैरे विमानांची व त्यांच्या इंजिनांची दुरुस्ती हजारो कामगारांच्या हातून होऊ लागली. दुरुस्तीत कौशल्य असते, पण ते दुसऱ्याने आखलेल्या यंत्राचे कौशल्य असते. युद्ध संपल्यावर तर या विमान कारखान्यात आगगाडीचे तिसऱ्या वर्गाचे डबे तयार होऊ लागले. डबे उत्तम होते.

याच धंद्यातील एका जर्मन माणसाची गोष्ट या निमित्ताने सांगण्यासारखी आहे. ह्यूगो युंकर्स हे वालचंदांहून तेवीस वर्षांनी मोठे. आखेनच्या तंत्रविद्यालयात प्राध्यापक, आणि पाणी तापविण्याच्या गॅसच्या उपकरणांचा कारखाना काढून देसाऊ येथे श्रीमंत झालेले. संपूर्ण धातूचे पहिले उपयोगी विमान त्यांनी १९१५ मध्ये उडविले, १९१९ मध्ये एफ-१३ हे धातूचे प्रवासी विमान दिले. विहिरीवरच्या इंजिनातले डिझेलचे तत्त्व विमानात नेण्याचा त्यांचा ध्यास होता, आणि एका नळकांड्यात समोरासमोर दोन दट्टे असलेले त्यांचे विमानी डिझेल इंजिन खरोखर आकाशात चालले. हा मनुष्य शांततावादी वृत्तीचा. विमान हे प्रवासाचे साधन आहे असे मानणारा. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. राजद्रोहाच्या खटल्याचा धाक घालून त्यांच्याकडून प्रथम पेटंटे आणि मग कंपनीचे शेकडा ५१ भाग लिहून घेण्यात आले. त्यांना देसाऊमधून हद्दपार करून नजरकैदेत ठेवले. ३ फेब्रुवारी १९३५ रोजी, आपल्या शहात्तराव्या वाढदिवशी, त्यांचा अंत झाला. पुढे त्यांचेच नाव धारण करणाऱ्या विमानांनी युरोपातील शहरांवर बॉम्ब टाकले.

बंगळूरला असा जुलूम झाला नाही; दोन्ही प्रसंगांची नैतिक तुलना करणे अनुचित होईल. परंतु एक आर्थिक फरक डोळ्यांत भरतो. देसाऊ राज्याच्या ताब्यात गेले तेव्हा तेथे वीस वर्षांचे संशोधन, चाचणीगृहे आणि इंजिने आखणारे शेकडो तंत्रज्ञ होते. राज्याने धनी बदलला. विद्या तेथेच राहिली, आणि महायुद्ध संपण्यापूर्वी मोठ्या संख्येने बनलेले पहिले जेट इंजिन त्याच कंपनीतून बाहेर पडले. बंगळूर राज्याच्या ताब्यात गेले तेव्हा तेथे जुळणीची शेड होती, हुशार कारागीर होते आणि एक गटिंगेनचा डॉक्टर होता. हस्तांतर झाले ते रोपाचे, आणि नव्या माळ्याला तूर्त फळांची नव्हे तर कुंपणाची गरज होती.

वालचंद खचले नाहीत. विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याची पायाभरणी २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली होती. त्याआधी कलकत्त्याला जागा मिळविण्याची धडपड तेथील बंदर अधिकाऱ्यांनी हाणून पाडली होती. युद्धामुळे काम रेंगाळले. पण १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ हे आठ हजार टनांचे जहाज पंतप्रधान नेहरूंनी पाण्यात सोडले. मोटारींसाठी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

जहाज कारखान्यालाही गिऱ्हाईक मोजकेच होते, आणि विलायती जहाजापेक्षा येथले जहाज महाग पडे. सरकारी साहाय्यावाचून तो चालेना. २१ जानेवारी १९५२ रोजी हिंदुस्तान शिपयार्ड ही नवी कंपनी होऊन दोन तृतीयांश मालकी सरकारकडे गेली. १९६१ मध्ये उरलेलीही गेली. मोटारीला मात्र बाजारात अनेक गिऱ्हाइके होती. तो कारखाना दीर्घकाळ खाजगी राहिला, आणि पुढे मुंबईच्या टॅक्सीच्या रूपाने घराघरात ओळखला गेला. तीन स्वप्ने, एकच माणूस, एकच काळ. आणि कोणते स्वप्न कोणाच्या हाती राहिले हे ठरले ते वस्तू विकत घेणाऱ्यांच्या संख्येवरून.

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी सिंदियाचे अध्यक्षपद सोडले. त्यांना मूलबाळ नव्हते. उद्योगांची धुरा बंधूंनी सांभाळली. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरच्या आजारात त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. १९४७ मध्ये सांगलीत सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. स्वतः पदवी न घेतलेल्या माणसाच्या नावाची पदवी-संस्था महाराष्ट्राला हजारो अभियंते देत आली आहे.

त्यांच्या मृत्यूपूर्वी दोन वर्षे, ऑगस्ट १९५१ मध्ये, घाटगे यांनी आखलेले एचटी-२ हे शिकाऊ विमान बंगळूरहून उडाले. सांगाडा, पंख, आखणी सारे भारतीय, इंजिन ब्रिटिश. १९५६ मध्ये जर्मनीचे ख्यातनाम विमान-अभिकल्पक कुर्ट टँक बंगळूरला आले आणि १७ जून १९६१ रोजी ‘मरुत’ हे जेट लढाऊ विमान उडाले. ते ध्वनीच्या वेगाच्या कितीतरी पुढे जावे अशी आखणी होती. परंतु त्याला मिळालेली ऑर्फियस इंजिने अपुऱ्या शक्तीची होती. अधिक शक्तीचे इंजिन विकसित करण्याच्या खर्चाचा वाटा ब्रिटिश कंपनीने मागितला, तो दिला गेला नाही. १९७१ च्या युद्धात ‘मरुत’ने राजस्थानच्या आघाडीवर चांगली कामगिरी केली, अपुऱ्या इंजिनासह १९९० पर्यंत ते सेवेत राहिले. त्याची एकूण १४७ विमाने बनली. इंजिनासाठी दशकानुदशके पैसा आणि धीर लावणे हे एकमेव गिऱ्हाइकाच्या वार्षिक अंदाजपत्रकात बसत नाही, आणि त्या गिऱ्हाइकावाचून दुसरा कोणी तो लावू शकत नाही. हा पेच १९४२ चाच आहे.

१९६४ मध्ये जुनी कंपनी आणि नवी सरकारी विमान कंपनी एकत्र होऊन हिंदुस्तान एअरोनॉटिक्स अस्तित्वात आली. तिचा एक मोठा कारखाना नाशिकजवळ ओझर येथे आहे. जुन्नरकरांना परिचित असलेले विघ्नहराचे ओझर ते हे नव्हे. पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगावाहून उत्तरेला गेले की काही तासांत हे दुसरे ओझर लागते. तेथे मिग विमाने बनली, सुखोई बनली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरमध्ये तयार झालेले पहिले ‘तेजस मार्क-१ए’ उडाले. ‘तेजस’साठी म्हणून ‘कावेरी’ या देशी इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला होता. २००८ मध्ये त्याची विमानापासून फारकत करण्यात आली. विमानात बसविले जाते ते अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे इंजिन. अशी ९९ इंजिने २०२१ मध्ये मागविण्यात आली. त्यांतले पहिले मार्च २०२५ मध्ये हाती आले, आणि तोवर तयार झालेले सांगाडे इंजिनाची वाट पाहत उभे होते.